मनोऱ्याची कैफियत

तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी, पट्टुकोट्टै मागे टाकून मल्लिपट्टिणमच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला, नारळीच्या बागा सरून पाल्कच्या सामुद्रधुनीचे उथळ, संथ पाणी दिसू लागते न लागते तोच, एक षट्कोनी, आठ मजली, वर निमुळती होत गेलेली इमारत सामोरी येते. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ दुसऱ्या सरफोजी राजांनी ती १८१४-१५ मध्ये बांधविली, आणि भोवतालचे तमिळभाषक कोळी-शेतकरी आजही तिला ‘मनोरा’ याच नावाने ओळखतात. मिनार या शब्दाचे आपल्या घरात रुळलेले हे रूप महाराष्ट्रापासून इतक्या दूर, परक्या भाषेच्या तोंडी, सहज वावरताना ऐकले की मराठी माणसाच्या मनाला जो ओलावा वाटतो, त्याचे वर्णन करीत बसण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्या दुसऱ्या एका मनोऱ्याविषयी मी या प्रकरणात लिहिणार आहे, तोही याच जिल्ह्यातला आणि एका मराठी घराण्याच्या वंशजाने उभारलेला असल्यामुळे, आरंभी त्या थोरल्या मनोऱ्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

हा दुसरा मनोरा लोखंडी आहे. तंजावरहून तिरुवैयारूला जाताना वाटेत एकामागून एक ज्या पाच नद्या ओलांडाव्या लागतात, त्यांपैकी एकीच्या अलीकडे, भातखाचरांना लागून असलेल्या एका परसात तो उभा आहे. उंची २१ मीटर. तिन्ही बाजूंनी पोलादी तारांचे ताण. माथ्यावर २० मीटर लहरीसाठी बसविलेला, मोटरीने चहूकडे फिरणारा तीन दांड्यांचा यागी अँटेना. त्याचे मालक माझे जुने स्नेही. बोलण्यात अनेक जुनी मराठी वळणे जपून ठेवणारे आणि बाजारात पाऊल ठेवताच तितक्याच सहजतेने तमिळ बोलू लागणारे हे गृहस्थ भारत सरकारच्या बिनतारी खात्याकडून मिळालेल्या सनदेवर हौशी रेडिओकेंद्र चालवितात. या छंदाच्या उपासकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. आपल्या देशात जनरल वर्गाच्या सनदेने ४०० वॉटपर्यंत शक्ती वापरण्याची मुभा असते, आणि १६० मीटरच्या लहरीवर १८२० ते १८६० किलोहर्ट्‌झ एवढा चिंचोळा पट्टा वाट्याला येतो. या अवघ्या चाळीस किलोहर्ट्‌झच्या पट्टीवर रात्री-अपरात्री जागून युरोप-जपानची क्षीण मोर्स-टकटक टिपणे, हा माझ्या स्नेह्यांचा आयुष्यभराचा ध्यास आहे.

या खालच्या लहरींची मुख्य अडचण अशी की, त्या फार लांब असतात. १८३० किलोहर्ट्‌झची लहर सुमारे १६४ मीटर लांब; तिच्यासाठी उभा अँटेना करावयाचा तर तो पाव लहरीइतका, म्हणजे ४१ मीटर उंच असावा, आणि एवढा उंच खांब सामान्य गृहस्थाने परसात रोवणे खर्चाच्या, जागेच्या आणि शेजाऱ्यांच्या स्वास्थ्याच्या दृष्टीनेही अवघडच. मात्र ज्याच्या मनोऱ्याच्या माथ्यावर अगोदरच एक मोठा फिरता अँटेना बसलेला आहे, त्याला निसर्गाने एक सवलत देऊन ठेवली आहे: माथ्यावरच्या त्या दांड्या विजेच्या दृष्टीने छत्रीचे काम करतात, मनोऱ्याला धारिता पुरवितात, आणि त्यामुळे २१ मीटरांचा मनोरा तिसेक मीटर उंच असल्यासारखा वागू लागतो. प्रश्न उरतो तो एवढाच, की या मनोऱ्यात वीज सोडावी कशी? तो तर काँक्रीटच्या पायात पक्का रोवलेला. तळाशी इन्सुलेटर नाही, उलट विजेच्या कडकडाटापासून रक्षण व्हावे म्हणून मुद्दाम जमिनीला जोडलेला.

याचे उत्तर म्हणजे शंट पद्धती. मनोऱ्याला समांतर, त्यापासून हातभर अंतर राखून, एक तार खालून वर न्यायची आणि ठराविक उंचीवर ती मनोऱ्याला जोडून द्यायची. माझ्या स्नेह्यांच्या मनोऱ्यावर हा जोड सोळा मीटरांवर आहे. मनोऱ्याच्या तळाशी विद्युत्प्रवाह सर्वांत जास्त आणि जमिनीच्या तुलनेने दाब जवळजवळ शून्य असतो. जसजसे वर जावे तसतसा दाब वाढतो आणि प्रवाह उतरतो. तेव्हा मध्ये कोठेतरी अशी एक उंची सापडतेच, की जिथे दाब आणि प्रवाह यांचे प्रमाण आपल्या ५० ओहमच्या केबलला मानवण्याजोगे असते. कालव्याला फाटा काढणारा माणूस शेताच्या पातळीचा विचार करून कालव्याचे योग्य ते ठिकाण निवडतो, तशीच ही निवड. मात्र ती तार आणि मनोऱ्याचा खालचा भाग मिळून एक उभे लांबट वेटोळे तयार होते, आणि वेटोळे म्हटले की प्रवर्तकत्व आलेच. ते निस्तरण्यासाठी तारेच्या खालच्या टोकाशी, केबलला जोडण्यापूर्वी, एक कंडेन्सर ओवावा लागतो. तार, कंडेन्सर, केबल, आणि केबलच्या बाह्य जाळीला मनोऱ्याच्या तळाशी दिलेला जोड: वरकरणी एवढाच हा संसार.

या युक्तीचा शास्त्रशुद्ध अभ्यास बेल प्रयोगशाळेतील मॉरिसन आणि स्मिथ या दोघांनी रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात, जून १९३७ च्या अंकात, प्रसिद्ध केला. यांतील स्मिथ म्हणजे ज्यांचा वर्तुळाकार आलेख आज प्रत्येक रेडिओ अभियंत्याच्या हाताशी असतो तेच फिलिप स्मिथ. नवल असे की, नियतकालिकाच्या त्याच अंकात ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या आरसीए कंपनीच्या तिघांनी मनोऱ्याच्या तळाशी जमिनीत पसरावयाच्या तारांविषयीचा आपला प्रदीर्घ प्रयोगही मांडला. दोन तारांपासून ११३ तारांपर्यंत संख्या वाढवीत नेऊन त्यांनी लहरींची तीव्रता मोजली होती. एका लेखाचा विषय मनोऱ्यात शक्ती कशी घालावी, दुसऱ्याचा विषय तीच शक्ती मातीत जिरू न देता बाहेर कशी पाठवावी. हे दोन लेख एकाच अंकात शेजारी नांदत असताना, पुढे हौशी मंडळींनी पहिला मनापासून आत्मसात करावा आणि दुसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष करावे, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

माझ्या स्नेह्यांचे पत्र आले ते नोव्हेंबरात. तमिळनाडूचा खरा पावसाळा आपल्यासारखा ज्येष्ठ-आषाढात नसून ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. आणि उत्तर गोलार्धात रात्री लांबू लागून १६० मीटरच्या लहरीला बहर येण्याचा काळही नेमका हाच. तक्रार अशी होती, की सप्टेंबरात जो एसडब्ल्यूआर (अँटेना केबलला कितपत मानवतो याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.३ होता तो पाऊस सुरू होताच ३ च्या घरात गेला. कधी आपोआप उतरतो, कधी मोर्सची कळ दाबताच अचानक उसळतो. ऐकूही पूर्वीइतके येत नाही. माथ्यावरच कोठेतरी जोड सुटला असावा असा त्यांचा पक्का समज झाला होता, आणि मनोऱ्यावर चढणाऱ्या माणसाला त्यांनी निरोपही धाडला होता. मी उलट टपाली कळविले, की मी येईपर्यंत कोणालाही वर चढवू नये.

पूर्वीच्या मराठी कारभारात एखाद्या गावाची वा वतनाची तक्रार हुजुरात आली म्हणजे हुकूम सुटण्याआधी संबंधितांची कैफियत लिहून घेण्याचा शिरस्ता असे; काय घडले, केव्हा घडले, त्या वेळी आणखी काय घडत होते, हे सारे कागदावर उतरल्यावाचून फैसला होत नसे. तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी दप्तर ज्याने क्षणभर तरी पाहिले आहे, त्याला या शिस्तीची कल्पना येईल. अँटेनाच्या बिघाडाची तहकीकातही याच मार्गाने व्हावी असे माझे ठाम मत आहे. पाना हाती घेण्यापूर्वी वही उघडावी. सुदैवाने माझ्या स्नेह्यांची नोंदवही नमुनेदार होती: दर आठवड्याचा एसडब्ल्यूआर, तो कोणत्या वारंवारतेवर किमान होता, हवा कोरडी की दमट, शक्ती किती. आम्ही पडवीत बसून मागील दीड वर्षाची पाने उलटली, आणि एका जागी माझे बोट थबकले. आदल्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात किमान बिंदू एकाएकी १२ किलोहर्ट्‌झ खाली सरकला होता; त्या दिवसांत पावसाचा थेंबही पडल्याची नोंद नव्हती.

“या आठवड्यात इथे काय झाले होते?” मी विचारले.

“काहीच नाही,” ते म्हणाले, आणि मग थोडे थांबून, “मेट्टूरचे पाणी आले होते. कुंपणापलीकडचा पाट भरला.”

मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले, आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुरुवै भातासाठी तेथील दरवाजे १२ जूनला उघडण्याचा परिपाठ आहे. आठवड्याभरात ते पाणी तंजावरच्या पाटांतून खेळू लागते. माथ्यावरचा सुटलेला जोड पाटाच्या पाण्याने हलणार नाही. जो अँटेना पायाखालची माती भिजली की आपले वर्तन बदलतो, त्याचा आधार तारांवर नसून मातीवर आहे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

तथापि कैफियतीत दोन निरनिराळे सूर मिसळलेले होते, आणि ते वेगळे करणे अगत्याचे होते. जो दोष अगदी थोड्या शक्तीवर, मोजणीच्या उपकरणानेही दिसतो, तो जोडाचा वा मातीचा. जो दोष शक्ती वाढविल्यावरच प्रगट होतो, तो ठिणगीचा वा तापण्याचा. माझ्या स्नेह्यांचा मनोरा दोन्ही परींनी रुसला होता. एकच कारण शोधण्याच्या हट्टाने अशा वेळी माणूस दिवसचे दिवस फुकट घालवितो, म्हणून मी हे आवर्जून सांगतो.

प्रथम मोजणी. आमच्या हाती बॅटरीवर चालणारे छोटे अँटेना विश्लेषक होते. ते तळाशी जोडले तर काटा स्थिर राहीना. वारंवारता न बदलता आकडा १.८ वरून २.६ वर जाई, पुन्हा उतरे, आणि या चढउतारात एक प्रकारची लय असल्याचे भासे. स्नेह्यांनी याचाच अर्थ सुटलेला जोड असा लावला होता. मी त्यांच्या जुन्या डब्यातून ओए ७९ हा जर्मेनियमचा डायोड काढला, उच्च रोधाचा हेडफोन त्याला जोडला, आणि शंट तारेचे खालचे टोक व मनोऱ्याचा पाय यांच्या मध्ये ते साधे मंडल धरले. ना बॅटरी, ना व्हॉल्व्ह. कानात नागस्वराचे सूर उमटले, मागून तविलचा ठेका, मग निवेदिकेचा आवाज. तिरुच्चिरापळ्ळीचे आकाशवाणी केंद्र, १९३९ साली सुरू झालेले, मध्यम लहरीवर ९३६ किलोहर्ट्‌झवर बोलणारे, तिथून सुमारे ५५ किलोमीटरांवर. आणि एवढा उंच लोखंडी मनोरा त्याच्या लहरी झेलून आमच्या विश्लेषकाच्या नाजूक तोंडाशी ओतत होता. असल्या उपकरणातील शोधक डायोडला आपली लहर कोणती आणि परकी कोणती हे उमगत नाही. तो दोन्हींचा दाब एकत्र मोजतो, आणि म्हणून आमचा काटा नागस्वराच्या तालावर डोलत होता. १.६ मेगाहर्ट्‌झच्या खालचे सारे अडवणारी लहानशी चाळणी, दोन वेटोळी व तीन कंडेन्सर वापरून, आम्ही त्याच संध्याकाळी तयार केली, आणि ती मध्ये ओवताच काटा निश्चल झाला. सुटलेल्या जोडाची निम्मी साक्ष इथेच बाद झाली. प्रसारण केंद्राच्या परिसरात राहणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाने मोजणीवर विश्वास ठेवण्यापूर्वी हा हेडफोनचा प्रयोग एकदा तरी करून पाहावा.

नंतर तळाची पेटी. झाकण काढताच आत काळ्या मुंग्यांनी केलेले मातीचे लहानसे वारूळ दिसले, त्यापलीकडे कंडेन्सर. हा कंडेन्सर जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग होता. तो मी प्रकाशात धरला, तर पत्र्यांच्या कडांवर मोहरीएवढे काळे ठिपके पडलेले, आणि एका ठिकाणी दोन पत्र्यांच्या मधोमध काजळीची रेघ. हिशेब करून पाहू. शंट वेटोळ्याचे प्रवर्तक रोधन आमच्या मोजणीत सुमारे २५० ओहम भरले. ते निस्तरण्यास १८३० किलोहर्ट्‌झवर साधारण ३५० पिकोफॅरडचा कंडेन्सर लागतो, आणि गँगमध्ये तेवढी धारिता आरामात मिळते. पण ४०० वॉट ५० ओहममध्ये सोडले की प्रवाह २.८ अँपिअर होतो, आणि हा प्रवाह २५० ओहममधून गेला की कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये ७०० व्होल्ट, शिखराशी १००० व्होल्ट दाब येतो. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फटीचा, ऐकण्याच्या यंत्रासाठी घडविलेला गँग सप्टेंबरच्या कोरड्या, स्वच्छ हवेत हे कसेबसे सोसतो. नोव्हेंबरच्या ओलीत, मुंग्यांच्या सहवासात, त्याने दगा देणे अटळच होते. कळ दाबताच एसडब्ल्यूआर उसळण्याचे कारण हे.

रुंद फटीचा, प्रक्षेपकांसाठी घडविलेला कंडेन्सर मिळाला तर उत्तमच. तो गावी मिळेना, तेव्हा आम्ही जाड कोॲक्सियल केबलचाच कंडेन्सर केला. आरजी-२१३ जातीच्या केबलला मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड धारिता असते, म्हणजे साडेतीन मीटरांत आमचे काम भागले. टोकाशी बाह्य जाळी दोन-तीन सेंटिमीटर मागे सोलून घ्यावी, नाहीतर ठिणगी तिथूनच उडते. मग टोक डांबरी फितीने बंद करावे, आणि गरजेप्रमाणे बोटबोटभर कापीत किमान बिंदू हव्या त्या जागी आणावा. कापलेली केबल पुन्हा लांब होत नाही, हे ध्यानात ठेवून प्रत्येक वेळी थोडेच कापावे.

आता माती. मनोऱ्याच्या तळाभोवती लोखंडी कडे होते आणि त्याला चोवीस तांब्याच्या तारा जोडून त्या परसात चहूकडे, वीतभर खोल पुरलेल्या होत्या. हॅम मंडळी त्यांना रेडियल म्हणतात. मनोऱ्यातून जो प्रवाह वर जातो, तो आकाशातून धारितेच्या वाटेने जमिनीत उतरून अखेर तळाशी परत यावा लागतो. रेडियल ही त्या परतीच्या प्रवासाची राजरस्त्याची वाट. ती नसेल तर प्रवाहाला मातीतून यावे लागते, आणि माती त्याच्याकडून वाटेत जबर जकात घेते. समजा, मनोऱ्याचा उत्सर्जन रोध १८ ओहम आहे आणि मातीचा रोधही १८ ओहम. मग तुमच्या ४०० वॉटांतील २०० वॉट गांडुळांना ऊब देण्यात खर्ची पडले म्हणावयाचे. आणि यातली मेख अशी की एसडब्ल्यूआरचा काटा याबद्दल अवाक्षर काढीत नाही. प्रक्षेपकाला अँटेनाऐवजी ५० ओहमचा कोळशाचा रोध जोडा. काटा नेमका १ दाखवील, आणि एकही लहर अंगणाबाहेर जाणार नाही.

चोवीस तारांपैकी काम किती करतात याची मोजदाद करण्यासाठी आम्ही फेराइटच्या दुभंगणाऱ्या कड्यावर बारीक तारेचे वीस वेढे दिले, डायोड व मायक्रोअँपिअरचा मीटर जोडला, आणि प्रक्षेपक दहा वॉटांवर ठेवून, तळाशी उकिडवे बसून, एकेका तारेभोवती ते कडे मिटवीत गेलो. पहिल्या तारेत काटा निम्म्यावर आला. दुसरीत हललाच नाही. तिसरीत किंचित. मी आकडा सांगत होतो, स्नेही वहीत लिहीत होते. आणि चोवीसाव्या तारेपर्यंत पोहोचलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदललेला मला दिसला. चोवीसांपैकी नऊ तारा जिवंत होत्या. उरलेल्या पंधरा इतकी वर्षे केवळ पटावर नाव लावून होत्या.

कारण उघडे करण्यास फारसे श्रम पडले नाहीत. तांब्याच्या तारा जस्त चढविलेल्या लोखंडी कड्याला नुसत्या पिळून, वर नटबोल्टने आवळलेल्या होत्या. तांबे आणि जस्त हे दोन धातू एकमेकांना भिडले आणि मध्ये पाणी आले की तिथे एक क्षुद्र विद्युत्घटच तयार होतो, आणि त्यात जस्त झिजते. जस्त गेले की लोखंड उघडे पडून गंजते. आणि तांब्यावर चढते ते आपल्या परिचयाचे हिरवे कळक. ताक पितळेच्या पातेल्यात राहिले तर कळकते, हे कोणत्याही मराठी घरातील आजी सांगू शकेल, आणि त्यावर कल्हई हा उपायही तीच सांगेल. इथेही उपाय तोच निघाला. आम्ही गावातील तांबटाळीत जाऊन तांब्याच्या चोवीस पट्ट्या कापून घेतल्या, त्यांवर कथलाचा हात फिरवून घेतला, प्रत्येक तार तिच्या पट्टीला पितळी डाखाने जोडली. साध्या शिशाच्या डाखाला ओल्या मातीत फार आयुष्य नसते. मग कडे घासून लखलखीत केले, पट्टी आणि कडे यांच्या मध्ये स्टेनलेस स्टीलची चकती घातली, आणि जोड आवळून झाल्यावर वरून डांबर थापले. हे काम उकिडवे बसून, चिखलात, दोन दिवस चालले. स्नेह्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरात. त्या पायरीवर बसून पाहत होत्या, आणि कथलाचा वास येताच त्यांनी आपल्या माहेरच्या कल्हईवाल्याची आठवण काढली.

संख्येविषयी एक शब्द. प्रसारण केंद्रे पाव लहर लांबीच्या १२० तारा पुरतात, आणि ब्राउन प्रभृतींच्या प्रयोगाचा तो वारसा आहे; पण परसातल्या हौशी माणसाने त्या आकड्याने हबकून जाऊ नये. चारावरून सोळावर गेल्याने जो लाभ होतो, तो साठावरून एकशेवीसवर जाण्याने होत नाही. चोवीस तारा, सगळ्या जिवंत, ही मध्यम परिस्थितीतील गृहस्थाला शोभेशी दौलत आहे.

मनोऱ्यावर चढणे अखेरीस झालेच, पण ते ठरवून आणि एका विवक्षित कामासाठी. अँटेना उत्तरेकडून पूर्वेला फिरविला की किमान बिंदू तीन-चार किलोहर्ट्‌झ हलतो, असे नोंदवहीत दोनदा लिहिलेले होते. फिरता खांब आणि मनोरा यांच्यातील विजेचा जोड वंगण भरलेल्या बेअरिंगमधूनच होत असे, आणि वंगण हा काही भरवशाचा वाहक नव्हे. माथ्यावरची छत्री त्यामुळे अधूनमधून मनोऱ्यापासून तुटत होती. तांब्याच्या जाळीची लवचिक वेणी, पुरेशी सैल ठेवून, खांबापासून मनोऱ्यापर्यंत बांधली. वरून येणाऱ्या केबलची बाह्य जाळी माथ्याशी आणि तळाशी अशी दोन ठिकाणी मनोऱ्याला जोडून, केबली मनोऱ्याच्या आतल्या बाजूने खाली आणल्या. नाहीतर त्या बाहेरून लोंबकळत दुसऱ्या शंट तारेसारख्या वागतात आणि सारा हिशेब बिघडवितात. ताणांच्या तारांत चिनी मातीचे इन्सुलेटर मूळचेच होते. तळाभोवती बांबूचे कुंपण नव्हते, ते आम्ही घातले, कारण चालू प्रक्षेपकाच्या वेळी त्या शंट तारेला हात लागला तर भाजते, आणि परसात वासरे व शेजारची मुले दोन्ही येत असतात.

सारे जोडून झाल्यावर मोजणी केली, तेव्हा स्नेही काहीसे खिन्न झाले. पूर्वी १८२० ते १८६० हा पट्टा सबंधच्या सबंध एसडब्ल्यूआर २ च्या आत बसत असे. आता जेमतेम २५ किलोहर्ट्‌झ बसू लागला. इतके कष्ट करून अँटेना अधिक कोता झाला, अशी त्यांची समजूत होऊ लागली होती. पण पट्टा रुंद होता तो मातीतल्या तोट्यामुळे होता. तोटा हटला की मंडलाचे तेज वाढते आणि पट्टा आवळतो. हौशी रेडिओच्या साऱ्या शास्त्रात, माणसाला स्वतःच्या यशावर अविश्वास वाटायला लावणारी याच्यासारखी दुसरी जागा मला माहीत नाही, आणि कित्येकांनी अशा वेळी सुधारलेला अँटेना पुन्हा बिघडवून ‘रुंद’ केल्याचे मी पाहिले आहे. आम्ही केबल-कंडेन्सरचा बिंदू मोर्सच्या भागात, १८३० च्या आसपास, बसविला आणि तिथेच राहू दिला.

त्या रात्री पाऊस होता. दोनच्या सुमारास त्याने उघडीप दिली. खाचरांतून बेडकांचा एकसारखा गजर चालला होता आणि पडवीतल्या दिव्याभोवती पाखरे जमली होती. खालच्या लहरींची खरी वेळ पहाटेची, सूर्य उगवण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या-पाऊण तासाची, जेव्हा आपल्याकडे उजाडू लागलेले असते आणि पश्चिमेकडे अजून गडद रात्र असते. सव्वापाचला स्नेह्यांनी हेडफोन कानाला लावला, नेहमीच्या सवयीने डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहताच हेडफोनची एक वाटी माझ्या कानाशी धरली. खूप खोलवरून, विजांच्या खरखरीच्या तळातून, एक इटालियन केंद्र हाक देत होते. त्यांनी उत्तर दिले. पहिल्याच हाकेला ते पोहोचले. काटा १.२ वर होता आणि शक्ती वाढविली तरी हलला नाही.

पुढच्या जूनअखेर त्यांचे पत्र आले. मेट्टूरचे दरवाजे शिरस्त्याप्रमाणे १२ तारखेला उघडले, १९ ला कुंपणापलीकडचा पाट भरला, २१ ला खाचरांत पाणी उभे राहिले. किमान बिंदू दोन किलोहर्ट्‌झ खाली आला आणि तिथेच थांबला. पत्रासोबत नोंदवहीच्या त्या पानाची नक्कल होती, आणि समासात, शाईचा रंग बदलून, त्यांनी आदल्या वर्षीचा १२ चा आकडा शेजारी लिहिला होता.